विहिरीपासून बारा पावले

सोमवारी सकाळी नऊ वाजता, शाळेच्या मागच्या खोलीत, पटकीने तुझा अंत झाला. रविवारी प्रार्थना आटोपून तू घरी आलास आणि पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून उंबऱ्यावरच बसलास. सोमवारी उजाडले तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. तालुक्याचे डॉक्टर साडेदहाला पोचले. बाराच्या सुमारास तुला मूठमाती दिली. मी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते आणि मातीवर चुना टाकून झाला होता.

या वेळा सगुणावहिनींनी सांगितल्या. डॉक्टरांच्या कागदावर नवाच्या जागी सव्वानऊ आहेत. मी वहिनींची वेळ धरली, कारण डॉक्टर तेव्हा वाटेत होते आणि तुझे घड्याळ वहिनींच्या हातात होते.

शमुवेल, तू किती वर्षे मास्तरकी केलीस आणि कोणकोणत्या गावी केलीस, हे आमच्या साप्ताहिकात येईल. संपादकांनी मजकूर लिहून ठेवला आहे. त्याची पहिलीच ओळ ‘सरकारी सनदेचे मानकरी’ अशी आहे. मला त्या सनदेबद्दल लिहायचे आहे. तिच्यावर आपले बोलणे फाल्गुनात सुरू झाले होते आणि ते तिथेच राहिले.

गेल्या वर्षी आषाढात पटकी आली तेव्हा तालुक्याचा एक डॉक्टर लढाईवर गेलेला होता आणि एक लस टोचणारा साऱ्या गावांना पुरत नव्हता. तू शाळा सकाळची करून घेतलीस आणि कचेरीत जाऊन विहिरीत टाकायच्या लाल औषधाचा डबा मागितलास. डबा लगेच मिळाला. तो घेऊन विहिरीवर जायचे कसे, हे कचेरीने सांगितले नाही. तुझ्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला त्याला चाळीस वर्षे होऊन गेली होती. पण गावांच्या लेखी तू अजून महारवाड्यातच राहत होतास. तुझा हात लागला की विहीर बाटणार होती.

म्हणून तू एक रीत बसवलीस. विहिरीपासून बारा पावलांवर थांबायचे. डबा दगडावर ठेवून मागे सरायचे. मग गावाचे पाणी भरणारा कोळी पुढे येई, डबा उचली, तू ओरडून सांगशील तेवढे औषध बादलीत कालवी आणि बादली आत सोडून पाणी ढवळी. औषध किती चढले हे पाण्याच्या रंगावरून कळते. तुला विहिरीत डोकावता येत नव्हते, म्हणून तू रंग विचारायचास. मी तीन दिवस तुझ्याबरोबर हिंडलो तेव्हा ते बोलणे टिपून घेतले. हे त्यातले, रामा कोळ्याच्या गावचे.

“रंग कसा हाय, रामा?”

“वांग्यावानी.”

“लई झालं. ढवळ अजून.”

“आता म्हातारीच्या लुगड्यावानी झालाय.”

“नवं लुगडं का धुतलेलं?”

“आमच्या म्हातारीचं नवं लुगडं कुनी बघितलंय, मास्तर?”

तू हसलास आणि वहीत ‘धुतलेले’ असे लिहिलेस. ती वही आता माझ्यापुढे आहे. प्रत्येक विहिरीपुढे दिवस, वेळ, कोणी टाकले ते आणि यांतला एक शब्द आहे: नवे, धुतलेले, फार धुतलेले. जिथे ‘फार धुतलेले’ आहे तिथे ‘पुन्हा टाकणे’ असेही आहे. एवढी नेमकी वही मी कोणा वार्ताहराची पाहिलेली नाही. वेळ टिपायची सवय मलाही तुझ्यामुळेच लागली. नगरच्या मिशनच्या शाळेत घंटा तुझ्याकडे होती, आणि मी उशिरा आलो की किती मिनिटे उशीर झाला ते तू फाटकातच सांगायचास. मी पुढे ज्या धंद्यात गेलो त्याचा पहिला धडा तो होता. हे तुला कधी सांगितले नाही.

त्या तीन दिवसांत आपला जुना वाद पुन्हा निघाला. मी म्हणालो, “तू यांचे जीव वाचवतोस आणि हे तुला विहिरीशी उभे राहू देत नाहीत. हे छापलं पाहिजे.”

“छाप की. पटकी गेल्यावर छाप.”

“तोवर बातमी शिळी होते.”

“खरं कुठं पळून जातंय, वसंता? माणसं जातायत, ती आधी बघू.”

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला आपण पुन्हा रामाच्या गावी गेलो. गावाचे नाव मी इथे लिहीत नाही. ते मी एकदा लिहिले आहे.

विहिरीवर कोणी नव्हते. रामा त्या दिवशी सकाळी पटकीनेच गेला होता आणि पाटलांसकट सारे पुरुष त्याला घेऊन ओढ्याला गेले होते. आदल्या पावसात विहिरीचा काठ खचून वरचे घाण पाणी आत उतरले होते. तासा-दीड तासात माणसे परतली असती. मग आंघोळी, मग पिण्याचे पाणी, सारे त्याच विहिरीतून निघाले असते. तू कडुलिंबाखाली थांबलास, बारा पावलांवर. तीनदा हाक दिलीस. समोरच्या दारात रामाची आई बसली होती.

“सगळी वढ्याला गेल्याती,” ती म्हणाली.

“कोनी बाईमानूस?”

“कोन येतंय आता.” मग म्हणाली, “मास्तर, तुमीच टाका. मी न्हाई बघत.”

तिने भिंतीकडे तोंड केले. तिचा मुलगा त्या वेळी जळत होता.

एक वाजून दहा मिनिटांनी तू डबा उचललास. मी पावले मोजली. बाराच होती. तू दोराचे दोन वेढे हाताला घेतलेस, औषध कालवलेस, बादली सोडलीस आणि वाकून आत पाहिलेस. इतक्या दिवसांत तू पाहिलेली ती पहिली विहीर. मी लिंबाखालूनच विचारले, रंग कसा आहे.

“धुतलेलं,” तू म्हणालास. “रामा बरोबर सांगायचा.”

त्या गावात आठ दिवसांनंतर नवा रोगी झाला नाही. तुझ्या वहीत तशी नोंद आहे. मात्र त्या दुपारच्या नोंदीत ‘कोणी टाकले’ हा रकाना कोरा आहे.

परतताना तू म्हणालास, “हे छापू नकोस.”

“खोटं आहे का?”

“खरं आहे, म्हणूनच. म्हातारी बोलायची नाही. मी बोलणार नाही. तू राहिलास.”

मी शब्द दिला. श्रावणात आमच्या साप्ताहिकात दोन रकाने आले, त्यात ती विहीर नव्हती. शब्द पाळला असे मला तेव्हा वाटत होते.

दिवाळीनंतर तालुक्याच्या कचेरीतून मला निरोप आला. तुझ्या कामाची वर शिफारस जायची होती आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा लेखी मजकूर हवा होता. मी चार पाने लिहून दिली. तिसऱ्या पानावर ती विहीर होती, गावाच्या नावासह. तुझ्या हातून झालेले सर्वांत मोठे काम तेच, अशी माझी खात्री होती आणि आजही आहे. शिवाय कागद फाइलीत जाणार होता, छापखान्यात नाही. फाइल कोणी वाचत नाही असे मी धरून चाललो. दहा वर्षे मी त्याच फाइलींतून बातम्या काढत आलो होतो.

पौषात नगरला समारंभ झाला. शामियान्याबाहेर लष्कराच्या लॉऱ्या उभ्या होत्या. सैन्यात माणसे भरती करून देणाऱ्यांची नावे आधी पुकारली, मग तुझे. तुझ्या अंगात चर्चच्या पाळकांचा कोट होता, बाह्यांना आखूड. तुझ्या कामाचे वर्णन साहेबांनी इंग्रजीत वाचले. इतर कोणी उरले नसताना या गृहस्थांनी स्वतः सार्वजनिक विहिरीवर जाऊन स्वतःच्या हाताने औषध टाकले, असे त्यात एक वाक्य होते. गावाचे नाव होते. मी तिसऱ्या रांगेत होतो. ते वाक्य सुरू झाले तेव्हा तू साहेबांकडे पाहत होतास. ते संपले तेव्हा माझ्याकडे पाहत होतास.

वहिनी टाळ्या वाजवत होत्या. “काय म्हणाले हो, भावजी?”

“चांगलं म्हणाले.”

टांग्यात वहिनींच्या मांडीवर सनद होती आणि त्या ती काचेत बसवायचे बोलत होत्या. मोटार अड्डा आला. उतरताना तू विचारलेस, “हे मराठीत होणार का?”

“कशाला होईल?”

“विचारून ठेव.”

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत विचारले. अव्वल कारकून सज्जन माणूस होता. त्याने मला चहा दिला. “झालंय की. मीच केलंय,” तो म्हणाला. “ज्या ज्या गावात मास्तरांनी काम केलं तिथं तिथं चावडीवर वाचून दाखवायचं, तसा हुकूम आहे. लोकांना कळू दे की.” मी त्याला ते वाक्य काढायला सांगितले. त्याने कारण विचारले. कारण सांगायचे तर फाइलीत आणखी एक कागद वाढला असता. मी म्हणालो, सहज. तो म्हणाला, आता नकला रवाना झाल्या.

नऊ दिवसांनी त्या गावच्या चावडीवर तलाठ्याने तो कागद वाचला.

तुझ्या अंगावर कोणी आले नाही. हे नोंदले पाहिजे, कारण नगरमध्ये भलतेच बोलले जाते. गावाने दोन दिवस विहीर उपसली, गोमूत्र शिंपडले, पूजा घातली. म्हातारीने पाहिले आणि लपवले म्हणून भाऊबंदांनी तिला विहिरीवरून बंद केले. त्या दिवसापासून ती ओढ्याच्या वाळूतला झिरा उकरून पाणी आणत होती. पाटलांनी तलाठ्याकरवी तुला निरोप धाडला, मास्तरांचा डबा पुन्हा गावात यायला नको. शेजारच्या दोन गावांनीही आपल्या कोळ्यांना तशीच ताकीद दिली.

फाल्गुनात मी तुझ्याकडे आलो. सनद भिंतीवर नव्हती. ती तू शाळेच्या नकाशांत गुंडाळून ठेवली होतीस. मी पुष्कळ बोललो. गावाचा दोष होता, कारकुनाचा होता, हुकमाचा होता, असे सगळे. तू ऐकून घेतलेस.

“तू खोटं काही लिहिलं नाहीस,” तू म्हणालास.

“मग?”

“मग काही नाही. ज्येष्ठात पटकी परत येईल. त्या विहिरीत औषध कोण टाकणार, तेवढं शोधून ठेव. कोळी धजायचा नाही आता. मला येऊ देणार नाहीत.”

मी बघतो म्हणालो. चैत्र गेला, वैशाख गेला. मी बघितले नाही.

इथे एक गोष्ट लिहायची राहिली आहे. ती कचेरीला दिलेल्या चार पानांत नव्हती. त्या दुपारी मी तिथे होतो. माझ्या हाताने ती विहीर बाटली नसती. माझ्या आडनावाच्या माणसाने त्या गावात दोराला हात लावला असता तर एकानेही विचारले नसते. डबा माझ्यापासून दोन हातांवर होता. साडेबारापासून एक वाजून दहापर्यंत, म्हणजे चाळीस मिनिटे, मी लिंबाखाली तुझ्याशेजारी उभा होतो आणि माझ्या हातात वही होती. तू मला टाक म्हणाला नाहीस. मी टाकू का म्हणून विचारले नाही. तुला ते सुचले होते की नाही हे आता कळणार नाही. मला सुचले होते.

ज्येष्ठात पहिला रोगी त्याच गावात झाला. तू डबा लस टोचणाऱ्याबरोबर पाठवलास. डबा होता तसा परत आला. गावाने मरीआईचा गाडा काढला होता आणि औषध नको म्हणून सांगितले होते. पाठोपाठ कळले की रामाची आई आजारी आहे आणि तिच्याकडे कोणी जात नाही. गेल्या आठवड्यात, गुरुवारी, तू तिच्याकडे गेलास. विहिरीच्या वाटेने न जाता ओढ्याकडून गेलास.

पुढचे मला म्हातारीनेच सांगितले. ती जगली. परवा, बुधवारी, मी गेलो तेव्हा दाराशी बसलेली होती. तू दोन दिवस तिला तासातासाला मिठाची पेज पाजलीस आणि तिची घाण स्वतः पुरलीस. शुक्रवारी दुपारी तुला तहान लागली. घरात झिऱ्याचे पाणी होते.

“उकळलं होतं का?” मी विचारले.

“जळन कुठलं? पेजंपुरतंच हुतं.”

“मग?”

“मी वरून वतायला लागले, तर मास्तर म्हनले, म्हातारे, आता तरी हातात दे. दिला लोटा हातात. माझं काय राहिलंय बाटायचं.” तिने लोट्याकडे बोट दाखवले. “लोट्यात बघून हासले. म्हनले, हे लई धुतलेलं हाय. आन प्याले.”

त्याच पाण्याने तुला पटकी झाली असे म्हणता येत नाही. डॉक्टर म्हणाले, रोग्याच्या हातूनही होते, माशीनेही होते. मी ते तसेच लिहून घेतले आहे.

डबा वहिनींनी मला मंगळवारी दिला. “भावजी, हा तुम्हीच न्या,” एवढेच म्हणाल्या. झाकणावर तुझ्या अक्षरात गावांची नावे आहेत. त्या गावाच्या नावापुढे तू काट मारलेली नाहीस.

बुधवारी म्हातारीकडून निघून मी पाटलांकडे गेलो. त्यांनी घोंगडी टाकली, पाणी दिले. गावात दोन नवे रोगी होते. त्यांतली एक पाटलांची सून होती. ते तुझ्याबद्दल वाईट बोलले नाहीत.

“मानूस सोन्यावानी हुता,” ते म्हणाले. “पन रीत ती रीत.”

मी म्हणालो, औषध मी टाकतो. माझ्या हाताला तुमची हरकत आहे का?

“तुमच्या हाताला कशाची हरकत? खुशाल टाका. मी सोता दोर धरतो.” ते उठले, पायताण घातले. दोन पावले गेल्यावर त्यांनी डब्याकडे पाहिले. पाटलांना वाचता येत नाही, पण डबा त्यांनी ओळखला.

“ह्यो मास्तरचा डबा न्हवं?”

मी हो म्हणालो.

पाटील थांबले. पायताण काढून पुन्हा घोंगडीवर बसले. “मग न्हाई जमायचं. गावाला काय सांगू मी? तुमी हापिसातनं कोरा डबा आना. कवाबी आना. माझी ना न्हाई.”

गुरुवारी मी कचेरीत गेलो. तालुक्याच्या दवाखान्यातले औषध संपले आहे. नवा डबा नगरहून येत्या सोमवारच्या मोटारीने येईल, असे लेखी उत्तर मिळाले. उत्तरावर अव्वल कारकुनाची सही आहे.

आज शुक्रवार. पाटलांच्या सुनेचे सकाळी निधन झाले. संध्याकाळी पाच वाजता मी लिंबाखाली उभा होतो. विहिरीत औषध पडलेले नव्हते. पाणी भरणे चालू होते.